कामाचा ताण आणि शाश्वत विकासाचे धोरण

कामाचा बोजा एकीकडे आणि तो पेलण्यासाठी हाताशी असलेला वेळ, अधिकार व सहकाऱ्यांचा आधार दुसरीकडे, यांचा मेळ बसेनासा झाला की शरीर-मनावर जो दाब येतो त्याला कामाचा ताण म्हणतात. थोड्या दाबाने कामाला वेग येतो. तोच महिनोन्‌महिने उतरला नाही, तर झोप, रक्तदाब आणि स्वभाव बिघडू लागतात.

संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये स्वीकारलेल्या १७ शाश्वत विकास उद्दिष्टांत या विषयाला जागा आहे, पण ती आडून. तिसऱ्या उद्दिष्टातील ३.४ हे लक्ष्य असंसर्गजन्य रोगांनी होणारे अकाली मृत्यू २०३० पर्यंत एक तृतीयांशाने घटवण्याचे आणि मानसिक आरोग्य जपण्याचे आहे, आठव्यातील ८.८ सुरक्षित कामाच्या जागेचे. खरी गोम निर्देशकांत, म्हणजे प्रगती मोजण्याच्या मापांत आहे. ३.४ खाली हृदयविकारासारख्या रोगांचे बळी आणि आत्महत्या मोजल्या जातात, ८.८ खाली दर लाख कामगारांमागे होणाऱ्या कामावरच्या दुखापती. यंत्रात बोट सापडले तर त्याची नोंद होते. वर्षभर झोप उडालेला माणूस मात्र दोन्ही रकान्यांतून निसटतो, आणि पुढे हृदयविकाराने गेलाच तर तो काय काम करत होता हे कोणी विचारत नाही.

हे निसटणे किरकोळ नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांच्या संयुक्त अंदाजानुसार, आठवड्याला ५५ तास किंवा त्याहून अधिक काम केल्यामुळे २०१६ मध्ये पक्षाघात व हृदयविकाराने सुमारे ७ लाख ४५ हजार मृत्यू झाले.

ताण साहेबांना जास्त, ही समजूत जुनी आहे. ब्रिटनमधील सरकारी नोकरांवरील व्हाइटहॉल अभ्यासांनी ती उलटी ठरवली: हुद्दा जितका खालचा, तितका हृदयविकाराचा धोका जास्त. १९७९ मध्ये संशोधक रॉबर्ट कॅरासेक यांनी मांडलेले प्रारूप यावर प्रकाश टाकते. मागण्या जास्त आणि काम कसे करायचे हे ठरवण्याची मुभा कमी, हा जोड सर्वांत घातक. जोहान्स सीग्रिस्ट यांनी त्यात कष्ट आणि मोबदला यांच्या विषमतेची भर घातली. मोबदल्यात पगाराबरोबर मान आणि नोकरीची शाश्वतीही आली. म्हणूनच दुपारच्या योगवर्गावर भागवणारी धोरणे तोकडी वाटतात. माणसाला सोसायला शिकवायचे आणि कामाची रचना तशीच ठेवायची, असा तो प्रकार आहे. बर्नआउटलाही, म्हणजे कामाच्या न उतरणाऱ्या ताणातून येणाऱ्या पुरत्या थकव्यालाही, रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत आजार म्हटलेले नाही. ती कामाशी निगडित अवस्था मानली आहे.

जून २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या वार्षिक परिषदेने सुरक्षित व आरोग्यदायी कामाच्या वातावरणाला मूलभूत तत्त्वांत स्थान दिले. त्यामुळे याच विषयावरचे संघटनेचे दोन करार, १९८१ चा १५५ वा आणि २००६ चा १८७ वा, मूलभूत ठरले. ताण मोजण्याचा प्रयत्नही झाला आहे. जपानमध्ये अतिश्रमाने येणाऱ्या मृत्यूला ‘कारोशी’ असा स्वतंत्र शब्दच आहे. तिथे डिसेंबर २०१५ पासून ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना वर्षातून एकदा ताण तपासणी करावी लागते. कर्मचाऱ्याचा वैयक्तिक निकाल त्याच्या संमतीशिवाय मालकाला कळवता येत नाही. विभागाचे एकत्रित चित्र मात्र मालकापुढे ठेवता येते.