'मी सिद्ध होत नाही' म्हणणारी ओळ

प्रोलॉग या तर्कावर चालणाऱ्या प्रोग्रॅमिंग भाषेत एकाच ओळीचा प्रोग्रॅम लिहा:

क :- \+ क.

वाचायचं असं: 'क सिद्ध होत नसेल, तर क खरं.' आता विचारा, क खरं का? एसडब्ल्यूआय-प्रोलॉग (प्रोलॉगची एक प्रचलित आवृत्ती) थोडी धडपड करते आणि १ गिगाबाइटचा स्टॅक, म्हणजे अर्धवट कामं लक्षात ठेवायची जागा, भरला म्हणून हात टेकते.

प्रोलॉग चालते उलटी. प्रश्न हातात घ्यायचा, त्याचं उत्तर देणारा नियम शोधायचा, मग त्या नियमाच्या अटी सिद्ध करायला निघायचं. अमुक गोष्ट खोटी आहे, असं प्रोग्रॅममध्ये कुठे लिहिलेलं नसतं. सिद्ध करायचे सगळे प्रयत्न फसले, की ती खोटी धरतात. संगणकशास्त्रज्ञ कीथ क्लार्क यांनी १९७८मध्ये या नकाराला तार्किक बैठक दिली. पण त्यांच्या रीतीने आपली ओळ वाचली तर अर्थ निघतो 'क म्हणजेच क नाही', म्हणजे उघड विसंगती!

तर्कशास्त्रज्ञ कुर्ट ग्योडेल यांचं १९३१चं विधानही 'मी सिद्ध होत नाही' असंच म्हणतं, आणि तिथे काही कोसळत नाही. कारण त्याची असिद्धता आपल्याला अंकगणिताच्या नियमव्यवस्थेच्या बाहेर उभं राहून कळते. प्रोलॉगमध्ये असिद्धता हाच आतला पुरावा. क फसलं की लगेच क सिद्ध, आणि सिद्ध झालं की त्याचा आधारच गेला. टेबलिंग (विचारलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरं नोंदवून ठेवायची सोय) चालू करून त्याला साजेसा नकार वापरला, तर एसडब्ल्यूआय-प्रोलॉग सरळ 'अनिश्चित' असं उत्तर देते. मला हे उत्तर सर्वांत प्रामाणिक वाटतं.

खरी गंमत मात्र साध्या दिसणाऱ्या ओळीत आहे:

क :- क.

इथे स्टॅकही भरत नाही. नियमातल्या शेवटच्या हाकेसाठी, म्हणजे शेवटची अट तपासायला, नवी जागा लागत नसल्याने यंत्र गुपचूप फिरत राहतं. टेबलिंग लावलं, की उत्तर येतं: खोटं. स्वतःखेरीज दुसरा आधार नाही, मग खरं कसं मानायचं?

अंकगणितात 'मी सिद्ध होतो' असं म्हणणाऱ्या विधानाचं काय, हा प्रश्न तर्कशास्त्रज्ञ लिऑन हेंकिन यांनी १९५२मध्ये विचारला होता. वाटतं, तेही असंच अधांतरी राहील. पण १९५५मध्ये मार्टिन ल्योब यांनी दाखवलं, की ते खरोखरच सिद्ध होतं. फरक असा, की हेंकिन यांचं विधान सिद्धतेविषयी बोलतं. सिद्धता तिथे संख्येच्या रूपात असते आणि तिच्याविषयी व्यवस्थेला तर्क करता येतो. आपल्या ओळीत सिद्धता हा शब्दच नाही. तिथे क फक्त स्वतःच्याच खांद्यावर चढू पाहतं.