अंगठीतला हिरा मंद का होतो?

नवी अंगठी पंधरा दिवसांत निस्तेज दिसू लागली की संशय आधी हिऱ्यावर जातो आणि मग विकणाऱ्यावर. पण त्याआधी अंगठी उलटी करून खड्याची खालची बाजू पाहावी. बोटाला लागून असणाऱ्या त्या निमुळत्या भागावर साबण, क्रीम, घाम आणि त्वचेचे तेल यांचा राखाडी थर बसलेला असतो. माथ्यावरचा मोठा सपाट पैलू बोट फिरवले तरी पुसला जातो. खाली मात्र कुणाचे बोट पोचत नाही, आणि सगळा खेळ तर तिथेच चालतो.

हिऱ्याचा अपवर्तनांक, म्हणजे तो प्रकाश किती वाकवतो ते सांगणारा आकडा, २.४२ आहे. म्हणून आतला प्रकाशकिरण पैलूवर लंबापासून २४.४ अंशांपेक्षा जास्त कोनाने आदळला, तर तो बाहेर न पडता पूर्ण परावर्तित होतो. समजा, खिडकीचा उजेड उभ्या रेषेपासून २५ अंश तिरपा येऊन माथ्यावर पडला. आत शिरताना तो वाकतो आणि उभ्या रेषेपासून जेमतेम १० अंशांवर येतो. चांगल्या घडणीच्या गोल हिऱ्यात खालचे पैलू आडव्या पातळीशी सुमारे ४०.७५ अंशांवर असतात. हा आकडा अभियंते मार्सेल टोल्कोव्स्की यांनी १९१९ साली गणिताने मांडला. त्या हिशेबाने एका बाजूच्या पैलूवर आपला किरण ३०.७५ (४०.७५ वजा १०) अंशांनी आदळतो. २४.४ पेक्षा हे पुरेसे जास्त आहे, त्यामुळे किरण परततो, समोरच्या पैलूवरून पुन्हा वर येतो आणि डोळ्यांत चमकतो.

आता त्याच पैलूवर तेलाचा थर आहे असे धरा. पैलूच्या पलीकडे हवेऐवजी सुमारे १.४७ अपवर्तनांकाचे तेल आले की परावर्तनासाठी लागणारा कोन २४.४ वरून साधारण ३७.५ अंशांवर जातो. ३०.७५ अंशांनी आलेला किरण सरळ तेलात निसटतो. अगदी वरून सरळ आलेला किरण ४०.७५ वर कसाबसा निभावतो, म्हणून हिरा पूर्ण काळा पडत नाही, नुसता मरगळलेला दिसतो. त्यातून हिऱ्याच्या पृष्ठभागाला पाणी धरवत नाही, तेल मात्र पटकन चिकटते. खाणींमध्ये चरबी थापलेल्या टेबलांवरून खडी पाण्यासोबत सोडून हिरे वेगळे काढण्याची पद्धत याच गुणावर चालत असे.

कमी अपवर्तनांकाच्या रत्नांना हा थर आणखी महागात पडतो. अमेथिस्ट हे क्वार्ट्झ, अपवर्तनांक सुमारे १.५५. त्याला स्वच्छ हवेतही परावर्तनासाठी ४० अंश लागतात. तेल लागले की तो कोन ७० च्या पुढे जातो. मग खड्याच्या मध्यातून खालचे बोट आरपार दिसू लागते आणि जांभळा रंग पाण्यासारखा पातळ वाटतो.

घरी धुणे सोपे आहे, फक्त घाई नको. वाटीभर कोमट पाण्यात भांडी घासायच्या द्रव साबणाचे दोन-तीन थेंब टाकून दागिना वीस मिनिटे भिजत ठेवा. मग लहान मुलांच्या मऊ टूथब्रशने आधी मागच्या बाजूने, खड्याखालच्या पोकळीत घासा. माथा शेवटी. विसळायला दुसरी वाटी घ्या. नळाखाली उघड्या बेसिनवर धरलेली अंगठी आणि निसटलेला खडा, दोन्ही थेट पाइपात जातात. धागे न सुटणाऱ्या कापडाने टिपून तास-दोन तास सुकू द्या. टूथपेस्ट मात्र अजिबात नको. तिच्यातले घासणारे कण हिऱ्याला ओरखडत नाहीत, पण सोन्याची झिलई घालवतात. सध्या मागून बंद असलेल्या कोंदणाची फॅशन आहे. दिसायला ते देखणे असते, पण आत शिरलेला साबण बाहेर यायला वाट नसते. घेताना मागे खिडकी कोरलेली आहे का ते पाहावे.

हे सगळे हिरा, आणि फार तर उष्णता दिलेले माणिक-नीलम यांच्यासाठी. पाचूच्या बाबतीत सावध राहावे लागते, आणि त्याचे कारणही प्रकाशातच आहे. पाचूत बारीक भेगा जवळजवळ नेहमीच असतात. भेगेतली हवा आरशासारखी चमकते म्हणून भेग दिसते. तिच्यात सिडार झाडाचे तेल भरले, तर तेलाचा अपवर्तनांक सुमारे १.५१ आणि पाचूचा १.५८, इतका थोडा फरक उरतो की भेग नजरेआड होते. म्हणजे जे तेल हिऱ्याखाली शत्रू असते, तेच पाचूच्या भेगेत कामाला येते. ही प्रक्रिया जुनी आणि व्यापारात मान्य आहे, ती फक्त सांगितली गेली पाहिजे. असा पाचू दागिने धुण्याच्या अल्ट्रासॉनिक यंत्रात टाकला, गरम पाण्यात ठेवला किंवा वाफेने धुतला, तर तेल निघून जाते आणि काल नसलेल्या पांढऱ्या रेषा आज उगवतात. खडा तडकला असे वाटते, पण भेग आधीपासूनच होती. जाणकाराकडून तेल पुन्हा भरून घेता येते.

माणकाचे एक प्रकरण याहून वाईट आहे. भेगांनी भरलेल्या हलक्या माणकात शिशाची काच वितळवून भरतात. नुसती उष्णता दिलेले माणिक टिकाऊ असते, हे नसते. लिंबाचा रससुद्धा काही तासांत ही काच खरवडतो. अंगठी लहान-मोठी करताना ज्योतीची धग आणि सोनाराचे आम्ल लागले, तर खड्यावर पांढऱ्या भेगांचे जाळे पसरते. दहापट भिंगातून खडा हळूहळू कलता करून पाहिला की भेगांमध्ये निळसर झळक आणि गोल बुडबुडे दिसतात. मोठे, लालभडक माणिक अविश्वसनीय स्वस्त मिळत असेल, तर पहिली शंका हीच घ्यावी, आणि दुरुस्तीला देताना कारागिराला हे आधीच सांगावे.

जाता जाता एक गंमत. माणकाचा लाल आणि पाचूचा हिरवा, दोन्ही रंग क्रोमियमचे. माणिक ज्या खनिजाचे असते त्या कोरंडमच्या स्फटिकात ॲल्युमिनियमच्या जागी बसलेले क्रोमियम जांभळा आणि हिरवा-पिवळा प्रकाश शोषते, लाल सोडते. वर स्वतःही लाल चमकते. थिओडोर मेमन यांनी १९६० साली पहिला लेझर चालवला तो याच गुणावर, माणकाच्या कांडीने. पाचूचे खनिज असलेल्या बेरिलच्या स्फटिकात आजूबाजूच्या अणूंचा प्रभाव थोडा सैल असतो, शोषणाचे पट्टे सरकतात आणि हिरवा मोकळा सुटतो.

खडा अंगावर खुलतो की नाही, हे दुकानातल्या दिव्यांखाली ठरवू नये. छतातले छोटे, टोकदार एलईडी प्रत्येक पैलूत एकेक ठिणगी पेटवतात, त्यांच्याखाली मध्यम घडणीचा हिराही नाचतो. अंगठी बोटात घालून खिडकीपाशी आणि मग साध्या पसरलेल्या उजेडात न्या. रोजचा बहुतेक वेळ ती तशाच उजेडात असणार. पिवळ्या दिव्यात माणिक फुलते, नीलम काळवंडतो. लांबट ओव्हल हिऱ्यांना सध्या मागणी आहे, त्यांत मधोमध आडवा काळपट पट्टा दिसतो, त्याला बो-टाय म्हणतात. त्या पैलूंत बघणाऱ्याच्या डोक्याची सावली परत दिसत असते. थोडासा पट्टा चालतो. हात लांब करून खडा चारही दिशांना कलता केल्यावरही तो हलत नसेल, तर खडा नाकारावा. प्रमाणपत्रावर याची वेगळी श्रेणी सहसा नसते, डोळ्यांनीच पाहावे लागते. किंचित पिवळसर हिरा पांढऱ्या धातूत बसवला की पिवळेपणा उठून दिसतो, पिवळ्या सोन्यात तो मिसळून जातो. रंगाच्या वरच्या श्रेणीसाठी जादा पैसे मोजण्याआधी धातू ठरवलेला बरा.

मोती आणि ओपल अंगठीत घालायची हौस वाढली आहे. हौस करावी, पण रोजच्या अंगठीसाठी ही रत्ने नाहीत. मोत्याचे थर म्हणजे सुमारे अर्ध्या मायक्रॉन जाडीच्या ॲरागोनाइटच्या (कॅल्शियम कार्बोनेटच्या) विटा आणि त्यांना धरून ठेवणारा मधला सेंद्रिय पदार्थ. अनेक थरांवरून परतणारा प्रकाश एकमेकांत मिसळतो तेव्हा ती खोल आब येते. हा कॅल्शियम कार्बोनेट घामाच्या आम्लानेही झिजतो. परफ्यूम, हेअरस्प्रे आटोपल्यावर मोती सर्वांत शेवटी घालावेत, सर्वांत आधी काढावेत आणि ओलसर मऊ कापडाने पुसून ठेवावेत. ओपलमध्ये १५० ते ३०० नॅनोमीटरचे सिलिकाचे गोळे रचलेले असतात, रंगांचा खेळ त्यांच्यामुळे होतो. सोबत काही टक्के पाणीही असते, म्हणून अचानक गरम झाला की ओपल तडकू शकतो. दोन-तीन थर चिकटवून केलेला ओपल तर भिजतच घालू नये, गोंद सुटतो.

शेवटी कठीणपणा. मोझच्या मापात हिरा दहा, त्यामुळे तो अमर असल्याचा समज आहे. ते माप ओरखड्याचे आहे, आघाताचे नाही. हिऱ्याच्या स्फटिकात चार दिशांना सरळ फुटण्याच्या पातळ्या असतात. कडेचा पातळ भाग ओट्याच्या दगडावर नेमका आपटला तर टवका उडतो. सहा-साडेसहा कठीणपणाचा नेफ्राइट जेड मात्र एकमेकांत गुंतलेल्या तंतूंमुळे हातोडीलाही दाद देत नाही. चौकोनी आणि थेंबाच्या आकाराच्या हिऱ्यांची टोके म्हणूनच धातूच्या पंजाने झाकलेली असावीत.

खडा धरणारे हे पंजे झिजतात. निकेल मिसळलेल्या पांढऱ्या सोन्याला ब्लीच आणि तलावाच्या पाण्यातले क्लोरीन लागत राहिले, तर ते तडकतातही. दर महिन्याला एक चाचणी करावी. लोकरीचा धागा किंवा जुना मोजा प्रत्येक पंजावरून फिरवा, अडकला तर पंजा उचललेला आहे. मग अंगठी कानाशी धरून बोटाने हलके टिचकवा. बारीक खडखड ऐकू आली तर अंगठी पुन्हा बोटात न घालता झाकणाच्या डबीत ठेवा आणि दुरुस्तीला द्या.