उद्रेकाची चाहूल: क्ष-किरण युग्मताऱ्यांच्या निरीक्षणांची पार्श्वभूमी

१८ जून १९६२ रोजी एअरोबी रॉकेटवरच्या उपकरणांना स्कॉर्पियस एक्स-१ हा क्ष-किरणांचा स्रोत सापडला. हा स्रोत कायम तेजस्वी असतो. तो क्ष-किरण युग्मतारा आहे, म्हणजे एकमेकांभोवती फिरणारी जोडी: एक साधा तारा आणि त्याचा वायू ओढून घेणारा न्यूट्रॉन तारा किंवा कृष्णविवर. पण कितीतरी क्ष-किरण युग्मतारे वर्षानुवर्षे निपचित असतात आणि एकाएकी काही आठवडे किंवा महिने भडकतात. काही मिनिटांच्या रॉकेट उड्डाणात असा उद्रेक गवसणे म्हणजे निव्वळ नशीब.

खरी गरज होती ती रोजच्या पाळतीची. ती एरियल-५ उपग्रहाने भागवली. ऑगस्ट १९७५ मध्ये त्याने ए-०६२०-०० हा स्रोत टिपला आणि काही दिवसांतच तो क्ष-किरणांत सूर्याखालोखाल तेजस्वी झाला. हार्वर्ड वेधशाळेच्या जुन्या काचपट्ट्या (आकाशाची काचेवर घेतलेली छायाचित्रे) तपासल्यावर हाच तारा १९१७ मध्येही भडकल्याचे आढळले. तो विझल्यावर, १९८६ मध्ये मॅक्लिंटॉक आणि रेमिलार्ड यांनी जोडीदार ताऱ्याच्या ७.७५ तासांच्या कक्षेवरून अदृश्य घटकाचे वस्तुमान किमान सूर्याच्या तिप्पट ठरवले. न्यूट्रॉन ताऱ्याला एवढे वस्तुमान पेलत नाही, ते कृष्णविवरच.

५८ वर्षांची ही शांतता पोकळ नव्हती. जोडीदाराकडून येणारा वायू अदृश्य घटकाभोवती फिरणाऱ्या तबकडीत साठत जातो. तापमान १०,००० केल्व्हिनच्या आसपास पोहोचले की हायड्रोजन आयनीभूत होतो (अणूंतून इलेक्ट्रॉन सुटतात), वायूचे अंतर्गत घर्षण वाढते आणि साठा वेगाने आत कोसळतो. ही कल्पना मुळात श्वेतबटूंच्या (विझलेल्या ताऱ्यांच्या दाट गाभ्यांच्या) छोट्या स्फोटांसाठी मांडली गेली होती. तिचा सरळ अर्थ असा की तबकडी आधी दृश्य प्रकाशात उजळायला हवी, क्ष-किरण मागाहून, वायू आत पोहोचल्यावर. मार्च २०१८ मध्ये मॅक्सी जे-१८२०+०७० हा युग्मतारा दृश्य प्रकाशात ६ तारखेला दिसला, क्ष-किरणांत ११ तारखेला. २०१९ मध्ये सॅक्स जे-१८०८.४-३६५८ या दुसऱ्या युग्माच्या बाबतीत हे अंतर सुमारे १२ दिवसांचे निघाले.

म्हणून आता शांत युग्मांवर जमिनीवरच्या दुर्बिणींनी नजर ठेवली जाते. काम दिसते तितके सोपे नाही. अदृश्य घटकाच्या ओढीने जोडीदार तारा लंबुळका झालेला असल्याने एका कक्षेत प्रकाश दोनदा चढतो-उतरतो. तो चढउतार वजा केल्याशिवाय आरंभीची मंद वाढ ओळखू येत नाही. व्ही-४०४ सिग्नी या युग्माजवळ अवघ्या १.४ विकलांवर (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) दुसरा तारा आहे. हवा अस्थिर असलेल्या रात्री त्याचा प्रकाश मोजणीत मिसळतो आणि तेज बदलल्याचा भास होतो. ‘वाढ’ दिसली की आधी त्या रात्रीच्या प्रतिमांची तीक्ष्णता पाहावी आणि मगच इशारा द्यावा. आणि स्रोत सूर्याच्या दिशेला गेला की जमिनीवरची पाळत काही आठवडे थांबतेच. त्या काळात भडकलेला तारा हाती लागतो तो उशिराच.