थॅलेट तुटलं म्हणजे संपलं का?

पाण्यातलं थॅलेट, म्हणजे प्लॅस्टिक मऊ करणारं रसायन, चाचणीत सापडेनासं झालं की अहवालात 'विघटन झालं' असं लिहिलं जातं. त्या एका शब्दात दोन वेगळ्या क्रिया मावतात, आणि त्यांची गल्लत मला खरोखर धोक्याची वाटते.

पहिली जलापघटन, म्हणजे हायड्रॉलिसिस. पीव्हीसीची नळी किंवा रक्ताची पिशवी मऊ ठेवणारी थॅलेटं ही एस्टरं असतात, म्हणजे आम्ल आणि अल्कोहोल जोडून बनलेली संयुगं. खोबरेल तेलही एस्टरच. कॉस्टिक सोड्याने तेलाचा साबण होतो, तसंच अल्कधर्मी पाण्यात हायड्रॉक्साइड थॅलेटचा एस्टर-बंध तोडतो आणि अल्कोहोल सुटं होतं. पण थॅलेटच्या रेणूतल्या दोन एस्टर-बंधांपैकी आधी एकच तुटतो. डीईएचपी (डाय-2-एथिलहेक्झिल थॅलेट) या थॅलेटपासून असा एमईएचपी (मोनो-2-एथिलहेक्झिल थॅलेट) तयार होतो, आणि उंदरांच्या वृषणांना इजा करणारा रेणू मुख्यतः हाच अर्धवट तुटलेला! दुसरा बंध आणखी सावकाश तुटतो, कारण आता रेणूवर ऋणभार आलेला असतो आणि तो हायड्रॉक्साइडला दूर लोटतो. शेवटी थॅलिक आम्लाचा क्षार उरतो. बेंझिनचं कडं मात्र जसंच्या तसं.

वेगाचं गणितही पाहा. सामू (pH) 7 असताना, साधारण 30 अंश सेल्सियसला, डायमिथाइल थॅलेट निम्मं व्हायला सुमारे 3 वर्षं लागतात; डीईएचपीला अंदाजे 2,000. सामू एकाने वाढला की वेग दहापट होतो. म्हणजे सामू 10 ला पहिलं सव्वा दिवसात निम्मं, पण डीईएचपीला तिथेही दोनेक वर्षं.

दुसरी क्रिया जिवाणूंची. सुरुवात तेही एस्टर-बंध तोडूनच करतात, फक्त विकरांच्या मदतीने. गोंधळ होतो तो इथेच. पण ते पुढे जातात. प्राणवायू असेल तर कड्यावर ऑक्सिजन बसवतात, कडं फोडतात आणि कार्बन डायऑक्साइडपर्यंत पोहोचतात. याला खनिजीकरण म्हणायचं. गाळाला चिकटलेलं, प्राणवायूविना पडलेलं डीईएचपी मात्र त्यांच्याही हाती फारसं लागत नाही.

फरक ओळखायला नमुन्यातला एकूण सेंद्रिय कार्बन मोजावा. नुसतं जलापघटन झालं असेल तर तो तेवढाच राहतो, खनिजीकरणात घटतो. सोबत निर्जंतुक केलेल्या पाण्याची एक बाटली ठेवावी, कारण तिथे जिवाणूंविना फक्त जलापघटनच होतं, आणि एमईएचपी वेगळा मोजावा. मूळ थॅलेटचा एकच आकडा देणारा अहवाल मी तरी अपुरा मानते.