सायबर हल्ला आणि राष्ट्राचे उत्तरदायित्व

सशस्त्र संघर्षाच्या काळात संगणकजालातून झालेल्या हल्ल्याची जबाबदारी कोणत्या राष्ट्रावर येते, हे ठरविणारे आंतरराष्ट्रीय कायद्यातील नियम. संघर्ष नसताना झालेल्या घुसखोरीला मानवतावादी कायदा (युद्धकाळातील वर्तनाचे नियम) लागू होत नाही.

हल्ला सैन्याच्या तुकडीने केला, तर फारसा वाद उरत नाही. १९०७ च्या चौथ्या हेग कराराचे कलम ३ सैनिकांच्या सर्व कृत्यांसाठी युद्धमान पक्षालाच जबाबदार धरते. वाद आहे तो खासगी हॅकर गटांचा. संयुक्त राष्ट्रांच्या आंतरराष्ट्रीय विधी आयोगाने राष्ट्रांच्या उत्तरदायित्वाविषयी २००१ मध्ये केलेल्या मसुद्यातील कलम ८ नुसार राष्ट्राच्या सूचनेवरून, निर्देशाने वा नियंत्रणाखाली केलेले कृत्य राष्ट्राचेच ठरते. नियंत्रण किती असावे, यावर मतभेद आहेत. निकाराग्वा खटल्यात (१९८६) आंतरराष्ट्रीय न्यायालयाने त्या विशिष्ट कारवाईवरच ‘परिणामकारक नियंत्रण’ हवे असे ठरविले. पूर्वीच्या युगोस्लाव्हियातील युद्धगुन्ह्यांसाठीच्या न्यायाधिकरणाच्या अपील पीठाने टाडिच प्रकरणात (१९९९) ‘एकूण नियंत्रण’ पुरेसे मानले, पण ते संघटित सशस्त्र गटांपुरते. बोस्निया वंशसंहार खटल्यात (२००७) आंतरराष्ट्रीय न्यायालयाने निकाराग्वातील कसोटीच कायम ठेवली. हॅकर गट बहुधा विस्कळीत असल्याने तीच अधिक ग्राह्य दिसते. मात्र पैसा व साधने पुरवून नामानिराळे राहणाऱ्या राष्ट्राला ती सोयीची आहे. ही उणीव युद्धपीडितांना संरक्षण देणाऱ्या चार जिनीव्हा करारांत सारख्याच असलेल्या कलम १ मुळे काही अंशी भरून निघते. कराराचा भंग करण्यास इतरांना उत्तेजन देऊ नये, हे बंधन निकाराग्वा निकालाने त्यातून काढले. भारताने हे करार १९५० मध्ये स्वीकारले. १९७७ चे अतिरिक्त प्रोटोकॉल मात्र स्वीकारलेले नाहीत. त्यामुळे धरणांना विशेष संरक्षण देणारे पहिल्या प्रोटोकॉलचे कलम ५६ भारताला करार म्हणून लागू नाही. रूढ कायद्यातील (राष्ट्रांच्या प्रथेतून आलेल्या, करार नसतानाही बंधनकारक कायद्यातील) खास दक्षतेचा नियम उरतो.

‘हल्ला’ कशाला म्हणावे, हेही ग्रामीण विदर्भात महत्त्वाचे ठरते. वैनगंगेवरील गोसीखुर्द धरणाला ३३ दरवाजे आहेत. ऐन पुरात ते शत्रूने यंत्रणेत घुसून उघडले आणि ब्रह्मपुरी-वडसा पट्ट्यातील गावे बुडाली, तर तो हल्लाच, याबद्दल दुमत होणार नाही. मोर्शी-वरूडच्या संत्रापट्ट्यातील प्रश्न अवघड आहे. आंबिया बहाराची फळे झाडावर असताना कृषिपंपांची वीज आठवडाभर बंद पाडली, तर ओलीत थांबते, फळगळ होते; पण रोहित्र (बोलीत ‘डीपी’) शाबूतच राहते. सायबर कारवायांना लागू होणाऱ्या कायद्याची टॅलिन नियमावली (२०१३, २०१७) तयार करणाऱ्या बहुसंख्य तज्ज्ञांच्या मते यंत्राचे भाग बदलावे लागले तरच कार्यक्षमतेची हानी नुकसानीत धरावी. आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस समितीला यंत्रणा निकामी होणे एवढे पुरते. शेतकऱ्याच्या हानीचे माप पहिल्या मतात नीट बसत नाही. म्हणून समितीचे मत स्वीकारणे योग्य.

पुराव्याची बाजू याहून कच्ची आहे. वीज गेली की गावात आधी भारनियमन किंवा जळालेली डीपी आठवते. गावपातळीवरील महसूल व कृषी कर्मचाऱ्यांच्या पंचनाम्यात क्षेत्र आणि नुकसानीची टक्केवारी येते. वीज कुणी तोडली हे त्यातून कळत नाही. ते सिद्ध करण्यासाठी उपकेंद्रातील संगणकीय नोंदी जपून ठेवाव्या लागतात.