डॅशबोर्डवरील लाकूड : अक्रोडापासून छापील रेषांपर्यंत

मोटारीच्या डॅशबोर्डला लाकडी रूप देणे ही नंतर जडलेली हौस आहे, असा समज आढळतो. प्रत्यक्षात लाकूड मोटारीत पहिल्यापासून होते. विसाव्या शतकाच्या आरंभी अनेक कारखाने इंजिन आणि चाकांसह केवळ चॅसी, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, पुरवत, आणि त्यावरची बॉडी घोडागाड्या बांधण्याच्या परंपरेतले कारागीर चढवत. ॲश वृक्षाच्या लाकडाची चौकट, तिच्यावर पत्रा किंवा कापड आणि चालकासमोर मीटर बसवण्यासाठी एक फळी, अशी ती रचना असे. इंग्लंडमधील मॉर्गन कंपनीने ॲशच्या चौकटीची ही परंपरा आजवर जपली आहे.

बदल घडवला तो पोलादाने. अमेरिकेत १९१४ मध्ये डॉज बंधूंनी आणलेल्या मोटारीची बॉडी एडवर्ड बड यांच्या कंपनीने पोलादी पत्र्यापासून बनवली होती. पुढे १९३५ च्या मॉडेलांपासून जनरल मोटर्सने सलग पोलादी छप्पर देण्यास सुरुवात केली. डॅशबोर्डही साच्यात दाबून एका पत्र्यातून निघू लागला. मात्र नुसता रंगवलेला पत्रा ग्राहकाला रुक्ष वाटे, म्हणून त्या पत्र्यावरच लाकूड छापले गेले. आधी फिकट तपकिरी रंगाचा थर देत, मग लाकडाच्या रेषा कोरलेल्या धातूच्या पट्टीवर शाई लावून ती मऊ रुळावर उचलत, रूळ पत्र्यावरून फिरवत आणि शेवटी लॅकर, म्हणजे चकचकीत पारदर्शक लेप, चढवत. खिडक्यांच्या आतील धातूच्या पट्ट्यांनाही हेच रूप मिळे. हे काम ज्यांनी जवळून पाहिले आहे, त्यांना त्यातील कौशल्य वेगळे सांगावे लागत नाही. लाकडाचा आभास ही प्लास्टिकच्या युगाची देणगी नव्हे. १९३० च्या दशकातच तो एक पक्का औद्योगिक हुन्नर झालेला होता.

ब्रिटिश आलिशान मोटारींनी मात्र अस्सल लाकूड सोडले नाही. रोल्स-रॉइस, बेंटली आणि जग्वार यांच्या डॅशबोर्डवर प्रामुख्याने अक्रोडाचे व्हीनियर, म्हणजे लाकडाचा अतिशय पातळ पापुद्रा, चिकटवलेले असे. बुंध्यावरील किंवा मुळाजवळील गाठींतून काढलेल्या पापुद्र्यात रेषा भोवऱ्यासारख्या फिरलेल्या असतात आणि त्यालाच सर्वाधिक मान असतो. एकाच गाठीतून लागोपाठ निघालेले दोन पापुद्रे पुस्तकाच्या पानांसारखे उलगडून मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना बसवले, की डावी बाजू उजवीचे प्रतिबिंब भासते. या मांडणीची सर छापील नक्षीला येत नाही, असे मला वाटते. उणीव आहे ती टिकाऊपणाची, कारण ऊन आणि दमटपणा यांमुळे जुन्या मोटारींमधील लॅकरला तडे जातात.

अमेरिकेत स्टेशन वॅगनच्या, म्हणजे मागे सामानासाठी बंदिस्त जागा असलेल्या लांब मोटारींच्या, बाहेरील बाजूंनाही लाकूड असे. फोर्डच्या कंट्री स्क्वायर या वॅगनवर १९५० च्या दशकात खऱ्या लाकडी फलकांची जागा लाकडी नक्षीच्या चिकट आवरणाने घेतली.

यानंतरचे वळण सुरक्षिततेमुळे आले. अमेरिकेत १ जानेवारी १९६८ पासून लागू झालेल्या संघीय मानकांनी, अपघातात प्रवाशाचे डोके किंवा छाती आदळू शकेल अशा आतील भागांचा विचार बंधनकारक केला. कठीण डॅशबोर्डऐवजी मऊ, गादीयुक्त डॅशबोर्ड आले आणि लाकूड अरुंद पट्ट्यांपुरते उरले. धडकेत लाकूड फुटून त्याचे टोकदार तुकडे उडू नयेत, यासाठी आता महागड्या मोटारींमध्ये थरांच्या आत ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा घातला जातो.

प्लास्टिकच्या वळणदार भागांवर लाकूड उतरवण्याची अडचण जपानमध्ये विकसित झालेल्या जल-हस्तांतरण छपाईने सोडवली. पाण्यात विरघळणाऱ्या फिल्मवर नक्षी छापून ती पाण्यावर तरंगत ठेवतात, तिच्यावर रसायन फवारून शाई मऊ करतात आणि वस्तू हळूहळू बुडवतात. पाण्याच्या दाबाने नक्षी प्रत्येक वळणाला चिकटते.

आपल्याकडे मारुती एस्टीमसारख्या मोटारींच्या काळात दुहेरी टेपने चिकटवायचे वुड फिनिश किट ॲक्सेसरीच्या दुकानांतून बसवले जात. त्या वेळी बहुतेक गाड्यांना एअरबॅग नव्हती. चालकासाठी ती १ जुलै २०१९ पासून आणि शेजारच्या प्रवाशासाठी नव्या मॉडेलांत १ एप्रिल २०२१ पासून सक्तीची झाली. एअरबॅगचे झाकण ठरावीक रेषेवर फाटून उघडावे लागते, त्यामुळे त्या झाकणावर किटची पट्टी चिकटवणे धोक्याचे आहे. अशा गाडीत वुड फिनिश गिअरभोवतीच्या कन्सोलवर आणि दारांच्या पट्ट्यांवरच करून घ्यावे.