सापाच्या पेटीतील अंथरण : पावसाळ्यापूर्वी वाचावे असे माहितीपत्रक

दरवर्षी जूनच्या अखेरीस आमच्याकडे एकच तक्रार येऊ लागते : "तुमच्याकडून नेलेल्या नारळाच्या भुशाला बुरशी आली, माल बदलून द्या." सोबत आणलेली पिशवी उघडून त्यातला भुसा मुठीत दाबला, की बोटांच्या फटींतून पाणी ठिबकू लागते. माल खराब निघालेला नसतो, त्यात पाणी जास्त झालेले असते. हे समजावून सांगण्यात आमचा आणि आपला बराच वेळ जातो, म्हणून हे पत्रक प्रत्येक खरेदीसोबत देण्याचे ठरवले आहे.

चुकीची सुरुवात उन्हाळ्यात होते, आणि तेव्हा ती चूक नसते. पुण्यात एप्रिलच्या दुपारी हवेतील आर्द्रता ३० टक्क्यांच्याही खाली जाते, तर बॉल पायथनला (घरी पाळल्या जाणाऱ्या परदेशी अजगराला) साधारण ५५ ते ६५ टक्के आर्द्रता लागते आणि कात टाकण्याच्या दिवसांत त्याहून थोडी अधिक लागते. हवा कोरडी राहिली तर कात तुकड्यातुकड्यांनी निघते, डोळ्यांवरची पारदर्शक खपली तशीच राहते. त्यामुळे उन्हाळ्यात भुसा ओलसर ठेवावा, असे आम्हीच सांगतो, आणि रोज सकाळी फवारणीची बाटली हातात घेण्याची सवय आपल्याला लागते. मग पाऊस सुरू होतो, घरातल्या हवेचीच आर्द्रता ८० टक्क्यांवर जाते, कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत, तरी पेटीवरची फवारणी काही थांबत नाही. प्लास्टिकच्या टबला हवा खेळायला मोजकीच भोके असतात, त्यामुळे आत गेलेले पाणी बाहेर पडत नाही. आधी कुबट वास येतो, मग पाण्याच्या भांड्याखाली पांढरी बुरशी दिसते, आणि तिकडेही दुर्लक्ष झाले तर सापाच्या पोटाकडचे खवले तांबूस होऊन त्यांवर फोड येतात. फोड दिसल्यावर अंथरण बदलून भागत नाही. साप कोरड्या कागदावर ठेवून सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्याकडे न्यावा लागतो.

म्हणून पाणी घालायचे की नाही, हे सवयीने न ठरवता हायग्रोमीटर, म्हणजे हवेतील आर्द्रता मोजणारे यंत्र, पाहून ठरवावे. हे यंत्र पाण्याच्या भांड्याशेजारी ठेवू नये, कारण तेथे आकडा नेहमीच फुगलेला दिसतो. पेटीच्या थंड बाजूला, अंथरणापासून थोड्याच उंचीवर ते लावावे. पाणी घालण्याची गरज पडलीच, तर वरून फवारण्याऐवजी एका कोपऱ्यात हळूहळू ओतावे, म्हणजे तळचा थर ओलसर राहतो आणि साप ज्यावर पडून असतो तो वरचा थर कोरडा राहतो. मुठीत दाबलेल्या भुशाचा गोळा व्हावा, पण त्यातून थेंब पडू नये, आणि बोट लावताच तो गोळा सुटावा, इतकाच ओलावा पुरे. पावसाळ्यात टबला दोन-चार भोके वाढवावीत आणि कोरड्या भुशाची एक पिशवी हाताशी ठेवून ओलसर झालेल्या थरात तो मिसळत जावा. यासाठी आम्ही जूनपासून लहान पिशव्याही ठेवतो, मोठी घेण्याचा आग्रह नाही.

हे सर्व बॉल पायथनविषयी झाले. कॉर्न स्नेक या दुसऱ्या परदेशी सापाला ४० ते ६० टक्के आर्द्रता पुरते आणि त्याला अंथरणात बिळे करायला आवडते. आस्पेन लाकडाच्या छिलक्यांत केलेले बीळ ढासळत नाही, म्हणून त्याच्यासाठी आम्ही आस्पेन सुचवतो. तो आयात होतो, त्यामुळे महाग पडतो, हे मान्य आहे. मात्र ओल लागली की आस्पेनला नारळापेक्षा लवकर बुरशी येते, तेव्हा पाण्याचे भांडे जड आणि न कलंडणारे घ्यावे.

भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये भुसा जवळजवळ फुकट मिळतो, मग तुमचा विकत का घ्यावा, असाही प्रश्न येतो आणि तो रास्त आहे. वखारीतल्या ढिगात कोणकोणत्या लाकडांचा भुसा आहे, हे वखारवालाही सांगू शकणार नाही. त्यात देवदार असेल तर त्याचे उग्र तेल सापाच्या श्वसनाला त्रासदायक ठरते, प्लायवूड असेल तर डिंकाची रसायने येतात, आणि करवतीची बारीक धूळ तर असतेच. मालाच्या खोक्यांचे लाकूड घरी किसणाऱ्यांनी त्यावरचा शिक्का पाहावा. 'एमबी' अक्षरे असतील तर त्या लाकडाला मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली असते. रोपवाटिकेतल्या कोकोपीटचेही (नारळाच्या भुशाचेही) तसेच आहे : ते कुंडीसाठी बनवलेले असते, त्यात कधी खत मिसळलेले असते, क्षार राहिलेले असतात आणि वाळले की त्याची पूड उडते. आम्ही धुतलेले कोकोपीट आणि सोडणाचे तुकडे एकत्र करून देतो, ते यासाठीच. किडे होऊ नयेत म्हणून पेटीत कापूर किंवा डांबरगोळ्या ठेवणे आणि पेटी फिनाईलने पुसणे, हे मात्र कोणत्याही अंथरणासोबत करू नये.

नवा साप घरी आणला असेल तर पहिले काही आठवडे आमच्याकडून काहीच विकत घेऊ नये, साधे वर्तमानपत्र अंथरावे. त्यावर विष्ठा स्पष्ट दिसते आणि माइट नावाची बारीक काळी कीडही लगेच नजरेला पडते.

याच किडीमुळे उघडलेली पिशवी आम्ही परत घेत नाही. एका घरातल्या पेटीजवळ राहिलेला भुसा दुसऱ्या ग्राहकाच्या घरी पाठवणे आम्हाला पटत नाही, मग तो वरून कितीही स्वच्छ दिसो. बंद पिशवी असेल तर बिनदिक्कत बदलून मिळेल.

एक गोष्ट विक्रीच्या वेळी सांगायची राहून जाते. टबखाली हीट मॅट, म्हणजे ऊब देणारी विजेची चटई, असेल तर त्यावर अंथरणाचा जाड थर उष्णता अडवतो, तळ तापत राहतो आणि वर मात्र ऊब जाणवत नाही. बीळ करून खाली गेलेल्या सापाचे पोट त्यामुळे भाजू शकते. तापमान आटोक्यात ठेवणाऱ्या थर्मोस्टॅटचा सेन्सर मॅट आणि टबचा तळ यांच्यामध्ये बसवावा आणि मॅटच्या भागापुरता थर पातळ ठेवावा.

नाग, धामण, अजगर यांसारखे देशी साप पाळणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, आणि बॉल पायथनसारख्या परदेशी जातींची नोंदणी २०२४ च्या नियमांनुसार केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. देशी सापासाठी आम्ही अंथरण देत नाही. त्याविषयी कृपया आग्रह धरू नये.

मागणी नोंदवताना टबच्या तळाची लांबी-रुंदी सेंटीमीटरमध्ये सांगावी. ९० बाय ४५ च्या टबमध्ये ६ सेंटीमीटरचा थर द्यायचा तर सुमारे २४ लिटर अंथरण लागते, म्हणजे कोकोपीटच्या ६५० ग्रॅमच्या तीन विटा भिजवून पुरतात. तक्रारीसाठी फोन करणार असाल, तर त्याआधी हायग्रोमीटरचा सकाळचा आणि रात्रीचा आकडा लिहून ठेवावा आणि भुसा एकदा मुठीत दाबून पाहावा.